एकच उशी

चार बोटं

साधारण माणसाला उशी चार बोटं उंच लागते. कुशीवर झोपणाऱ्याला थोडी जास्त, पालथं झोपणाऱ्याला जवळजवळ नाहीच. हे गादीवाल्याचं मत होतं, आणि त्याच्या दुकानात त्याचंच मत चालायचं. तयार उशी तो विकत नसे. गिऱ्हाईक आलं की त्याला बाकावर आडवं व्हायला लावायचा, मानेखाली आपली बोटं सरकवायचा आणि मागे न वळता बायकोला सांगायचा, "साडेतीन. खांदे रुंद आहेत, कडा भरीव ठेव."

लोक लाजायचे. रस्त्यावरच्या दुकानात भर सकाळी आडवं कसं व्हायचं? मग बायको कापूस पिंजण्याच्या यंत्रामागून ओरडायची, "झोपा हो बिनधास्त! चपला तेवढ्या काढा. बँकेचे साहेबसुद्धा इथे घोरून गेलेत."

तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. यंत्र तिचं, कात्री तिची, गिऱ्हाइकाशी बोलणं तिचं. गादीवाल्याचं बोलणं म्हणजे आकडे. त्याला काही वाटलं की तो ते बोलत नसे, भरत असे. मुलगी परीक्षेला बसली तेव्हा त्याने तिच्या खुर्चीवर उशी करून ठेवली. मुलगी नापास झाली तेव्हा तीच उशी आणखी मऊ करून ठेवली.

वहिनीची स्वतःची उशी तीन बोटांची. कापूस बदलायचा, खोळ बदलायची, उंची तीच.

मग वहिनीला खोकला लागला.

सहा बोटं

"अहो, उशी बसलीय वाटतं."

"बसेल कशी? आत्ताच तर भरली."

"मग मी बसले असेन. पण डोकं खाली जातंय. खोकला येतो आडवं झालं की."

त्याने शिवण उसवली, दोन मुठी कापूस घातला, दाभणाने टाके घातले.

काही दिवसांनी:

"जरा अजून."

त्याने पुन्हा शिवण उसवली. या वेळी परत शिवताना त्याने एका कडेला पक्के टाके घातलेच नाहीत, नुसता धावता दोरा टाकला. ओढला की तोंड उघडं. म्हणजे रोज रोज उसवायला नको.

ही त्याची सोय होती. तो सोय करणारा माणूस होता.

वहिनीने गल्लीतल्या डॉक्टरांना दिलेली उत्तरं

"खोकलाच हो. कोरडा."

"जिना चढताना लागतो दम. आता काय, वयही झालं ना."

"पाय? संध्याकाळी चप्पल घट्ट होते. दिवसभर उभंच राहायचं, सुजणार नाहीत तर काय."

"लहानपणी? ताप यायचा खूप. सांधे धरायचे. ते कधीचं, आता कशाला ते."

"कापूस पिंजते. धुरळा असतोच. तोंडाला फडकं बांधते की."

"झोपताना उशा? एक."

"एकच हो. दोन कशाला लागतायत?"

प्रश्नाबद्दल

प्रश्न बरोबर होता. फुफ्फुसात पाणी साचू लागलं की माणसाला सपाट झोपवत नाही. उभं असताना जे पाणी पायांत उतरलेलं असतं, ते आडवं झालं की परत छातीकडे वळतं, आणि दम कोंडतो. माणूस नकळत डोक्याखाली एक उशी वाढवतो, मग आणखी एक. म्हणून डॉक्टर उशा मोजतात. दोन म्हटलं की कान टवकारतात. तीन म्हटलं की हृदय तपासायला पाठवतात.

गल्लीतल्या डॉक्टरांनी "एक" ऐकलं आणि पेन पुढे सरकवलं. राहिला कापसाचा धुरळा. त्यांनी तोंडाने ओढायचा फवारा दिला, खोकल्याचं औषध दिलं आणि गादीवाल्याला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना यंत्रापासून लांब ठेवा. तुमच्या धंद्यानेच झालंय हे."

वहिनी खोटं बोलली नव्हती. उशी एकच होती. ती तेव्हा एक वीत उंच झालेली होती.

वीत आणि चार बोटं

तळाला काथ्याचा थर, दाबून, म्हणजे बसत नाही.
त्यावर जुना कापूस, घट्ट.
त्यावर नवा कापूस, सैल, कान दुखू नये म्हणून.
डोक्याकडे उंच, कमरेकडे निमुळती होत जाणारी. नाहीतर माणूस झोपेत घसरतो.
दोन्ही बाजूंना भरीव कडा, म्हणजे कूस बदलताना आधार.
मध्ये मानेसाठी खळगा. खळगा बोटांनी नाही, मनगटाने दाबायचा.

अशी उशी त्याने आयुष्यात कुणासाठी केली नव्हती. "तुमच्या धंद्यानेच" हे शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हते. वहिनीला त्याने दुकानाची पायरी चढू देणं बंद केलं होतं. यंत्र आता तोच चालवायचा, गिऱ्हाइकाशी तोच बोलायचा, म्हणजे आकडे सांगायचा, आणि गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली होती. संध्याकाळी घरी आला की अंगावरचा कापूस दाराबाहेर झटकायचा, आंघोळ करायचा, मग विचारायचा:

"झोप लागली का?"

"लागली. पण जरा अजून उंच असती तर—"

तो दोरा ओढायचा. मूठभर आत.

वहिनीला त्या उशीचं कौतुक होतं. शेजारणीला दाखवायची. "बघ तरी, राजगादी केलीय नुसती! तीस वर्षं एक गजरा आणला नाही, आणि आता हे."

दोघंही दुखणं अंगावर काढत होती. तिचं तिला कळत नव्हतं, आणि त्याला वाटत होतं आपण काढून टाकतोय.

सपाट

मुलीने नवं घर घेतलं होतं. दोन दिवस राहायला ये म्हणून तिने आईच्या मागे लकडा लावला.

"उशी घेऊन जा," गादीवाला म्हणाला.

"ही? बसमध्ये? लोक म्हणतील म्हातारी बिऱ्हाड घेऊन निघाली. तिच्याकडे काय उशा नाहीत?"

वहिनी पिशवी घेऊन गेली. पहिल्या रात्री गप्पा मारत सोफ्यावर बसल्या बसल्याच डोळा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मुलगी म्हणाली, पड जरा आत.

विकतची उशी
डोकं टेकलं तशी चपटली
वहिनीच्या मनात आलं, आत नुसता फोम
खोकला
पुन्हा खोकला
हवा आत यायची ती
अर्ध्यावर
कुणीतरी छातीवर
ओली गादी टाकावी तसं
उठायचं
हात कुठे
ऊठ
मु

मुलगी आवाज ऐकून धावत आली तेव्हा आई पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. तोंड उघडं, ओठ निळसर, कपाळावर घामाचे थेंब, आणि श्वासाबरोबर घशातून उकळत्या पाण्यासारखा आवाज. ओठाच्या कोपऱ्यात गुलाबी फेस होता. मुलीने तिला झोपवायचा प्रयत्न केला. वहिनीने तिच्या हाताला असा हिसडा दिला की मुलगी मागे पडली.

"आई, अगं पड ना!"

वहिनीने मान हलवली. बोलायला हवा नव्हती.

तेवढं एक बरोबर झालं. बसलेली राहिली म्हणून ती हॉस्पिटलपर्यंत पोचली.

ताठ

तिथे तिला कुणी पड म्हटलं नाही. पलंगाची पाठ पार उभी केली, पाय खाली सोडले, तोंडावर घट्ट मास्क बांधला. मास्कमधून हवा जोराने आत ढकलली जात होती. हाताच्या शिरेत एक इंजेक्शन, ते लघवी होण्याचं. दुसरं औषध थेंब थेंब, ते रक्तवाहिन्या सैल करण्याचं. लघवीला नळी. पलंगाखालची पिशवी फुगत गेली, बदलली, पुन्हा फुगली, आणि तसतसा घशातला आवाज खाली खाली गेला.

गादीवाला पोचला तेव्हा हृदयाच्या डॉक्टर, वयाने मुलीएवढ्याच, छातीचा एक्सरे उजेडाला धरून बघत होत्या. त्यानेही पाहिला. दोन्ही फुफ्फुसांत पांढरे पांढरे पुंजके.

त्याने एका पुंजक्यावर बोट ठेवलं. "कापूस."

"काय?"

"कापूसच आहे तो. माझ्या यंत्राचा."

"नाही हो काका. पाणी आहे ते. एक्सरेत पाणी पांढरं दिसतं."

मुलगी पुढे झाली. "पाणी आहे तर सुईने काढून टाका ना. आमच्या ऑफिसातल्या एकाचं बाटलीभर काढलं होतं."

"त्याचं फुफ्फुसाच्या बाहेर असणार, फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधे. तिथे सुई चालते. यांचं आतमध्ये आहे, हवेच्या बारीक पिशव्यांत मुरलंय. सुई कुठे टोचू?" त्यांनी गादीवाल्याकडे बघितलं. "तुमची गादी भिजली तर काय करता?"

"उन्हात टाकतो."

"नुसतं तेवढंच?"

"आधी छप्पर कुठे गळतंय ते बघतो. नाहीतर परत भिजते."

"मग मीही तेच करतेय. इंजेक्शनने पाणी लघवीवाटे काढतेय, ते तुमचं ऊन. आता गळतंय कुठे ते बघायचंय."

त्यांनी मास्क जरा उचलून वहिनीला विचारलं, "घरी झोपताना किती उशा लागायच्या?"

वहिनीने एक बोट वर केलं.

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. एका उशीवर झोपणाऱ्या बाईची ही अवस्था एका दुपारीत व्हायची तर मामला वेगळाच असणार, झटका वगैरे. त्या सिस्टरना काहीतरी सांगायला वळल्या, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "एक म्हणजे... बाबा, जा आणि ती उशी घेऊन या."

बसलेय

वॉर्डात उशी दारातून आडवी मावेना. गादीवाल्याने ती तिरकी करून आत आणली आणि रिकाम्या पलंगावर ठेवली. पलीकडचा पेशंट म्हणाला, "ही उशी आहे का घसरगुंडी?"

डॉक्टरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग चपला काढून स्वतः तिच्यावर आडव्या झाल्या. म्हणजे व्हायला गेल्या.

"मी बसलेय," त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी मागे रेलून पाहिलं.

"काका, मी चक्क बसलेय. ही एक नाही, या चार उशा आहेत. निदान चार."

"तिला दम लागायचा म्हणून..."

"पहिल्यापासून एवढी होती?"

"नाही. तीन बोटं होती."

"मग कधी वाढली?"

गादीवाल्याने दोरा ओढला. तोंड उघडलं. त्याने हात खोल घातला आणि सगळ्यात आतली मूठ काढून पलंगावर ठेवली. पिवळट कापूस. "हा जुन्या गाठीतला. हा घातला तेव्हा मुलीचं घर अजून व्हायचं होतं, पाया खणत होते." दुसरी मूठ. "यात बी आहे बघा. त्या वर्षी माल खराब आला. तेव्हा तिने जिना चढताना मधे थांबायला सुरुवात केली." तिसरी. "हा पांढरा. यंत्राचा पट्टा तुटला होता तेव्हाचा. तेव्हापासून कूस बदलली की उठायची." चौथी, पाचवी. "हा परवाचा."

पलंगावर कापसाचे ढीग रांगेत पडले. डॉक्टर मन लावून ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या: तेव्हा पाय सुजले होते का? तेव्हा खोकल्यातून काही पडायचं का? त्याला सगळं आठवत होतं. मुठीमुठीने सांगता सांगता तो एका ढिगाशी थांबला.

"म्हणजे ती सांगत होती," तो म्हणाला. "आणि मी भरत होतो."

"बाबा," मुलगी म्हणाली. तिला खूप बोलायचं होतं. बापाचा चेहरा बघून तिने पलंगावरचा सांडलेला कापूस गोळा करायला घेतला.

डॉक्टर पलंगावरून उतरल्या. "तुम्ही नसती केली ही उशी, तर त्या रात्र रात्र बसून राहिल्या असत्या आणि मग तरी कुणीतरी आणलं असतं इथे. चांगली केलीत हीच अडचण झाली. असो. चला, हृदय बघू."

दार

गळत होतं ते सापडलं. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते, रक्ताने पुढे जायचं दार. लहानपणच्या त्या सांधेदुखीच्या तापाने ते दार सुजलं, मग आक्रसलं, आणि वर्षानुवर्षं चिकटत चिकटत फटीएवढं उरलं. पुढे जायला वाट नाही म्हणून रक्त मागे तुंबलं. मागे फुफ्फुसं. तिथे दाब वाढला आणि पाणी पाझरलं.

"धुरळ्याचा काही संबंध नाही?" गादीवाल्याने विचारलं.

"या दुखण्याशी नाही. फडकं मात्र बांधत जा."

उपाय होता. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत नेऊन फुगवायचा, चिकटलेलं दार मोकळं होतं. छाती कापायची गरज नाही. पूर्ण भूलही नाही, पेशंट जागा असतो.

"फक्त एक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "टेबलावर सपाट झोपावं लागेल. उशी नाही. बराच वेळ."

वहिनीचा मास्क आता निघाला होता, नाकाशी नुसती नळी होती. "मग राहू द्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी आडवी होणार नाही. बसवून करा."

"बसवून नाही होत हे."

"मग गोळ्या द्या. गोळ्यांनी बरं वाटतंय."

"गोळ्यांनी पाणी निघेल. दार नाही उघडणार. गोळ्या पुरणार नाहीत असा दिवस येईल, आणि तो लांब नाही."

"बाई, तुम्ही बुडाला नाहीत कधी," वहिनी म्हणाली. "मी बुडालेय. पलंगावर."

गादीवाला उठला. "मी करून देतो. टेबलावर बसेल अशी. निमुळती, घट्ट, वर चादर घातली की दिसणारही नाही—"

"काका, टेबलावरून कॅमेरा फिरतो. आणि नळी नेमकी न्यायची तर शरीर सरळच लागतं. नाही."

मूठ

पलंगाच्या पायथ्याशी एक लोखंडी मूठ होती. फिरवली की पाठ खाली यायची. औषधं चालू होती, मीठ बंद होतं, पाण्याचा पेला मोजका होता. वजन उतरलं, पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडेना. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. आधी खांद्यापर्यंत बुडबुडे ऐकू येत होते. आता तळाशीही नव्हते.

"पाणी गेलंय," त्या गादीवाल्याला म्हणाल्या. "आता उरलीय ती भीती. तिच्यावर माझ्याकडे इंजेक्शन नाही. रोज थोडं थोडं खाली आणा. बोटाला हे यंत्र लावलंय, यातला आकडा नव्वदच्या वर आहे तोवर काही होत नाही. खाली गेला तर लगेच वर करा आणि हाक मारा."

त्याने मूठ फिरवली. थोडीशी.

"अहो, वर."

आकडा पंच्याण्णव. त्याचा हात आपोआप उलटा फिरायला लागला होता. आजवर तिने अजून म्हटलं की त्याने अजून भरलं होतं. त्याने हात थांबवला.

"नाही," तो म्हणाला.

वहिनीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "वर करा म्हणतेय मी. जीव जातोय माझा."

"पंच्याण्णव आहे."

"आकडे नका सांगू मला! दुकानात आहात का?"

"पंच्याण्णव आहे, आणि तू ओरडतेयस. बुडणारा माणूस ओरडत नाही. त्या दिवशी तुला हाकसुद्धा मारता आली नव्हती."

पलीकडचा पेशंट उशीत तोंड खुपसून हसला. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कुशीवर वळला.

"दुष्ट आहात," ती नवऱ्याला म्हणाली.

"असेन."

दुसऱ्या दिवशी आणखी खाली. तिने त्याचा हात घट्ट धरला, नखं रुतली. आकडा चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, तिथेच. त्याला ठाऊक होतं, ती अजून एकदा "वर" म्हणाली तर आपल्याच्याने राहवणार नाही. ती म्हणाली. त्याने मूठ सोडून दिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"बोल काहीतरी," तो म्हणाला. "बोलत राहा. बोलता येतंय तोवर हवा आहे."

"काय बोलू?"

"दुकानाचं बोल. गिऱ्हाइकं येत नाहीत."

"येतील कशी? तुम्ही त्यांच्या मानेला हात घालता आणि आकडा ओरडता. माणसाला वाटतं फासाचं माप घेताय."

त्यानंतर ती बरंच काही बोलली. यंत्राचा पट्टा, कुणाचे दोन तक्के राहिलेत, भाच्याला दुकानात अजिबात घ्यायचं नाही ते. पाठ सपाट झालेली तिच्या ध्यानात आली तेव्हा ती एका वाक्याच्या मध्यावर होती. ती गप्प झाली. वर पाहिलं. छत होतं. किती दिवसांनी तिला डोक्यावरचं छत असं सरळ दिसत होतं.

तिने एक श्वास घेतला. मग दुसरा, जरा संशयाने.

"हं," ती म्हणाली.

टेबल

तिला आत नेलं. दार बंद झालं. गादीवाला आणि मुलगी बाकावर बसले. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मुलगी फोन काढायची आणि परत ठेवायची. गादीवाला दाराच्या काचेकडे बघत होता. काच धुरकट होती.

बऱ्याच वेळाने दार अर्धवट उघडून एक सिस्टर बाहेर आल्या.

"यांच्याबरोबरचे कोण?"

दोघंही उभे राहिले. मुलीने विचारलं, "झालं का?"

"फुगा फुगवला. झडप छान उघडलीय, दाब लगेच उतरला. पण आणखी थोडा वेळ पडून राहायचंय, पाय हलवायचा नाही."

"ती..." गादीवाल्याने तळहात जमिनीला समांतर धरून दाखवला.

"हो हो, सपाट आहेत. डॉक्टर म्हणतायत, यांना जरा गप्प राहायला सांगा, बोलण्याने अंग हलतंय."

"बोलतेय?"

"थांबतच नाहीयेत. आमच्या टेबलावरच्या गादीला नावं ठेवतायत. मधे दबलीय, कडा नाहीत, कुणी भरली म्हणून विचारतायत." सिस्टरनी दोघांकडे पाहिलं. "काय सांगू त्यांना?"

गादीवाला खाली बसला. त्याने डोळे पुसले, मग नाक पुसलं.

"बोलू द्या," तो म्हणाला.